ऑब्जेक्टमधले आकडे ॲनिमेट करायचेत: ट्वीन.जेएस घ्यावं, जीसॅप घ्यावं की हातानेच लिहावं?

कॅनव्हासवर (वेबपेजवर कोडने चित्र काढायची जागा) किंवा थ्री.जेएसच्या (थ्रीडी चित्रांची जावास्क्रिप्ट लायब्ररी) सीनमध्ये काही हलवायचं असलं की सीएसएस ट्रान्झिशन (पेजवरचं एलिमेंट हळूहळू बदलायची सोय) कामाला येत नाही, कारण तिथे एलिमेंटच नसतं, असतो फक्त एक ऑब्जेक्ट, त्यात एक्स, वाय असले आकडे, आणि ते १ सेकंदात ० वरून ३०० वर छान न्यायचे एवढंच काम. ट्वीन.जेएस आणि जीसॅप या त्यासाठीच्या जावास्क्रिप्ट लायब्ररी.

एकच व्हॅल्यू असेल तर लायब्ररी नकोच, रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेमवर (दर फ्रेमआधी तुमचं फंक्शन चालवायची ब्राउझरची सोय) दहा-पंधरा ओळीत होतं. फक्त दर फ्रेमला ठरावीक आकडा वाढवत बसू नका, मी तेच केलेलं आणि ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर जे मस्त चाललं ते १२० वाल्यावर दुप्पट वेगाने पळालं. किती वेळ गेला ते मोजायचं आणि त्यावरून व्हॅल्यू काढायची.

तीन-चार ऑब्जेक्ट झाले, इझिंग (सुरुवातीला-शेवटी वेग हळू-जलद होणं) पाहिजे, एक संपल्यावर दुसरं पाहिजे, की मग ट्वीन.जेएस. ऑब्जेक्ट द्या, शेवटची व्हॅल्यू आणि मिलिसेकंद सांगा, इझिंग निवडा, स्टार्ट करा, झालं. रिपीट आणि योयो (पुढे जाऊन परत मागे येणं) आहेच. पण लूप (दर फ्रेमला पुन्हा चालणारा कोड) तुमचा, दर फ्रेमला अपडेट तुम्हीच बोलवायचं, ते विसरलात तर एररही येत नाही आणि काही हलतही नाही (नवीन माणूस हमखास इथेच अडकतो). नव्या व्हर्जनमध्ये प्रत्येक ट्वीन (म्हणजे एक हालचाल) एकत्र अपडेट होणाऱ्या ग्रुपमध्येही स्वतःच टाकावा लागतो. मला मात्र हीच गोष्ट आवडते, कारण गेममध्ये रेंडर लूप (दर फ्रेमला चित्र काढणारा) आधीच असतो आणि पॉज करायचं तर ट्वीन.जेएसला तुमच्या घड्याळाचा वेळ देता येतो. रंगाची स्ट्रिंग त्याला कळत नाही, लाल-हिरवा-निळा वेगळे आकडे ठेवा.

जीसॅप साइझने मोठं आहे पण लूप स्वतः चालवतं, रंग समजतं, आणि टाइमलाइन (कुठली हालचाल कधी सुरू होणार ते एका जागी मांडायची सोय) तर खरंच भारी, दहा हालचाली एकमेकींवर थोड्या थोड्या चढवायच्या असतील तर ट्वीन.जेएसच्या चेनमध्ये (एक संपलं की पुढचं) वेळांचा हिशोब करून डोकं दुखतं. अजून एक, टॅब बदलून परत आलं की ट्वीन.जेएस गेलेला वेळ धरतं आणि थेट शेवटाला उडी मारतं, जीसॅप तो खंड सांभाळून घेतं आणि होतं तिथूनच पुढे चालू करतं. लायसन्सचं टेन्शन असेल तर २०२५ पासून त्याचे आधी पैसे लागणारे प्लगिनसुद्धा फुकट झालेत, कमर्शियल कामालाही.

तुमच्याकडे रेंडर लूप आधीपासून असेल तर ट्वीन.जेएस घ्या. नसेल आणि हालचालींची लांब साखळी असेल तर जीसॅप.