१९८४ की १९९६? ऑलिंपिकचं वाद्यवृंदसंगीत ऐकायला घेताना

ऑलिंपिकच्या उद्घाटनासाठी रचलेलं संगीत घरी निवांत ऐकावं असं ज्याला वाटतं, त्याची पहिली अडचण ठरलेली असते: सगळं एकसारखंच वाटतं. ट्रम्पेट, ढोल, झांजा, शेवटी मोठा गजर. दोन रचना ऐकून झाल्या की तिसरी कशाला ऐकायची, असं म्हणून माणूस तिथेच थांबतो. हे थांबणं मला मनापासून खटकतं, कारण या रचना वेगवेगळ्या कामांसाठी लिहिलेल्या आहेत आणि कोणती कशासाठी, हे कळलं की कानाला फरक लगेच जाणवायला लागतो.

माझी निवड आधीच सांगून टाकतो. पाच मिनिटांत अंगात बळ हवं असेल तर अमेरिकन संगीतकार जॉन विल्यम्स यांची १९८४ ची 'ऑलिंपिक फॅनफेअर अँड थीम'. डोळे मिटून ऐकायला बसणार असाल तर त्यांचीच १९९६ ची 'समन द हीरोज'. आणि पुन्हा पुन्हा, अगदी रोज ऐकायचं असेल तर मायकेल टॉर्की या आणखी एका अमेरिकन संगीतकाराची 'जॅव्हलिन'. का, ते आता पाहू.

या संगीतात पितळी वाद्यांचा इतका भरणा का असतो, हे आधी समजून घ्यायला हवं. उघड्या स्टेडियममध्ये व्हायोलिनचा आवाज हवेत विरून जातो. ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनचा सूर मात्र ज्या दिशेला तोंड असेल तिकडे सरळ जातो. शिवाय आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे मोठ्या स्टेडियमच्या एका टोकाला वाजवलेला सूर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत जवळजवळ अर्धा सेकंद निघून जातो. अशा जागी भराभर सुरावट बदलत गेलात तर सगळ्याचा काला होतो. म्हणून संगीतकार लांब, ठाम सूर घेतो, ते बराच वेळ टिकवतो आणि मधे मोकळी जागा ठेवतो. मैदानासाठी हे अगदी बरोबर आहे. घरच्या हेडफोनवर मात्र नुसता असा गजर दोन मिनिटांत थकवतो. म्हणून माझी कसोटी एकच आहे: जोराच्या भागांच्या मधे ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला जागा आहे की नाही?

या कसोटीवर १९८४ ची रचना अर्धीच उतरते, आणि तरीही ती मला फार प्रिय आहे. २८ जुलै १९८४ ला लॉस एंजेलिसच्या मेमोरियल कोलिझियममध्ये ती पहिल्यांदा वाजली. पालखी निघताना तुतारी फुंकली की पुढचा-मागचा सगळा जमाव एका क्षणात सावरून उभा राहतो. सुरुवातीची ललकारी, म्हणजे नावातलं 'फॅनफेअर', नेमकं तेच काम करते. त्यानंतर येते मुख्य धून. ती दिमाखदार आहे, पण उर्मट नाही, आणि विल्यम्स यांची ताकद मला तिथेच दिसते. धून ऐकताना पावलं आपोआप तालात पडतात, पण सैन्याच्या संचलनाचा कडकपणा तिच्यात कुठेच नाही. शेवटाकडे ललकारी आणि धून एकाच वेळी, एकमेकींवर चढून वाजतात. ती जागा लक्ष देऊन ऐका. पहिल्यांदा फक्त मोठा आवाज ऐकू येतो. दोन्ही धागे कानाने वेगळे करता आले की रचना किती विचाराने बांधली आहे ते कळतं. १९८५ मध्ये तिला वाद्यसंगीत रचनेचं ग्रॅमी, हे अमेरिकेतलं संगीताचं मोठं पारितोषिक, मिळालं, तेही विभागून.

इथे निवडताना एक फसगत होऊ शकते. या रचनेची दोन रूपं बाजारात आहेत. १९९६ मध्ये विल्यम्स यांनी तिच्या सुरुवातीची स्वतःची ललकारी काढून त्या जागी लिओ आर्नो यांची 'बगलर्स ड्रीम' बसवली. ही आर्नो यांची १९५८ ची धून. अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीने १९६० च्या दशकात ती ऑलिंपिकच्या प्रक्षेपणाला लावली, आणि तिथल्या प्रेक्षकांच्या मनात ती म्हणजेच ऑलिंपिक असं समीकरण झालं. आधी टिंपनीचे (वाद्यवृंदातल्या मोठ्या नगाऱ्यांचे) घुमणारे ठोके, मग ट्रम्पेट: ही सुरुवात ऐकू आली तर ते जोडरूप आहे असं समजा. वाईट अजिबात नाही, उलट फार रुबाबदार आहे. पण ज्या जागेबद्दल मी आत्ता बोललो, ललकारी आणि धून शेवटी एकत्र येतात ती, तिचा खरा आनंद मूळ रूपातच आहे. सुरुवातीला तीच ललकारी ऐकलेली नसेल तर शेवटी तिची ओळख कशी पटणार? म्हणून पहिल्या वेळी १९८४ चं मूळ ध्वनिमुद्रण शोधा, जोडरूप नंतर ऐका.

आता 'समन द हीरोज'. आधुनिक ऑलिंपिकला १९९६ मध्ये १०० वर्षं झाली, त्या अटलांटाच्या खेळांसाठी ही रचना झाली आणि १९ जुलै १९९६ ला उद्घाटनात वाजली. हिची सुरुवातसुद्धा पितळी वाद्यांचीच, आणि ती १९८४ पेक्षा जास्त भव्य आहे: एक गट हाक देतो, दुसरा ओ देतो, खाली टिंपनी गडगडते. इतकंच असतं तर मी १९८४ लाच कौल दिला असता. पण मग गजर ओसरतो, तंतुवाद्यं खाली हळुवार पसरतात आणि त्यांच्यावर एकटा ट्रम्पेट गायला लागतो. ही एकल जागा विल्यम्स यांनी बॉस्टन पॉप्स या वाद्यवृंदाचे ट्रम्पेटवादक टिम मॉरिसन यांच्यासाठी लिहिली. इतका वेळ जे वाद्य हाका मारत होतं, तेच आता जवळ बसून बोलतंय असं वाटतं. सुरांमधलं अंतर मोठं, श्वास लांब, आणि कुठेही घाई नाही. विलंबित ख्यालाची सवय असलेल्या कानाला ही जागा लगेच आपली वाटेल, असा माझा अनुभव आहे.

मला तर इथे खेळाडू दिसतो. मैदानात उतरण्याआधीचा, एकटा. दहा हजार तास ज्याने कोणी बघत नसताना घाम गाळला, त्याचं संगीत नुसतं जल्लोषाचं असून कसं चालेल? विल्यम्स यांना हे १२ वर्षांत उमगलं असावं असं मला वाटतं. १९८४ ची रचना सोहळ्याची आहे आणि १९९६ ची माणसाची. त्या एकल भागानंतर लय वाढते, लाकडी सुषिर वाद्यं आणि तंतुवाद्यं चपळपणे धावू लागतात आणि सगळा वाद्यवृंद मिळून शेवट गाठतो. सुमारे सहा मिनिटांत इतका प्रवास होतो. १९८४ च्या रचनेला याहून दीडएक मिनिट कमी लागतं, आणि तिला तेवढंच पुरतं.

अटलांटाच्या निमित्ताने आणखी एक रचना झाली, आणि तिच्याकडे फार कमी लोक वळतात याची मला खंत आहे. अटलांटा सिम्फनी ऑर्केस्ट्राला ५० वर्षं होत होती, ते निमित्त साधून ऑलिंपिकच्या संयोजन समितीने मायकेल टॉर्की यांना रचना करायला सांगितली. १९९४ मध्ये ती वाजली. नाव 'जॅव्हलिन', म्हणजे भाला. हिच्यात ललकारी जवळजवळ नाहीच. तंतुवाद्यं आणि बासऱ्या झरझर वर जातात, तिरप्या रेषेत, आणि पितळी वाद्यं मधूनच चमकून जातात. ७ ऑगस्ट २०२१ ला टोकियोत नीरज चोप्राच्या हातून ८७.५८ मीटरचा भाला सुटला, तो टीव्हीवर पाहताना जो हलका, उचलल्यासारखा आनंद झाला होता, तोच या संगीताचा भाव आहे. नऊ मिनिटांची रचना कधी संपते कळत नाही. हिच्यात 'तुम्ही आता भारावून जा' असा आग्रह नाही, त्यामुळे पंधराव्यांदा ऐकतानाही ती शिळी होत नाही. सकाळी चालायला जाताना मी बाकी सगळं सोडून हीच लावतो. मात्र ऑलिंपिक म्हटल्यावर तुम्हाला छाती फुगवणारं काही हवं असेल, तर ही ऐकून निराशा होईल.

विल्यम्स यांच्या उरलेल्या दोन रचना थोडक्यात. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या वेळी एनबीसी वाहिनीसाठी केलेली 'द ऑलिंपिक स्पिरिट' झगमगीत आणि चटपटीत आहे. टीव्हीवरच्या प्रक्षेपणासाठी ती छान होती, पण ऐकून झाल्यावर मनात फारसं उरत नाही. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी खेळांची 'कॉल ऑफ द चॅम्पियन्स' यात वाद्यवृंदासोबत मोठा समूहस्वर आहे आणि तो 'सिटियस, आल्टियस, फोर्टियस' हे ऑलिंपिकचं तेव्हाचं लॅटिन ब्रीद गातो: अधिक वेगाने, अधिक उंच, अधिक बलवान. उद्घाटनाचा दिवस होता ८ फेब्रुवारी, म्हणजे विल्यम्स यांचा ७० वा वाढदिवस. समूहगान आवडणाऱ्यांनी ही जरूर ऐकावी. फुटबॉलच्या युएफा चॅम्पियन्स लीगमधलं सामन्याआधीचं गीत ऐकून ज्यांच्या अंगावर काटा येतो, त्यांना तर ही हमखास आवडेल. ते गीत टोनी ब्रिटन यांनी १९९२ मध्ये हँडेलच्या १७२७ च्या राज्याभिषेक संगीतावरून बांधलं, तेव्हा समूहस्वराची ही भव्यता मूळची दरबारातली आहे.

ऑलिंपिकचं अधिकृत गीत याहून अगदी वेगळं. स्पिरिडॉन समारास यांचं संगीत, कोस्तिस पालामास यांचे शब्द, १८९६ ला अथेन्समध्ये पहिल्यांदा गायलं गेलं आणि १९५८ मध्ये अधिकृत ठरलं. ते प्रार्थनेसारखं संथ आहे. ध्वज वर चढत असताना ते ऐकावं. उत्साहासाठी ते लावू नये.

ज्याला या सगळ्याच्या मुळाशी जायचं आहे, त्याने चेक संगीतकार लेओश यानाचेक यांची 'सिन्फोनिएटा' ऐकावी असा माझा आग्रह आहे. ही ऑलिंपिकची नाही. चेक लोकांच्या 'सोकोल' या व्यायाम चळवळीचा १९२६ मध्ये प्रागला मोठा मेळावा भरला होता, त्याच्या निमित्ताने ती जन्मली. त्यासाठी मागितलेल्या ललकारीतून पाच भागांची संपूर्ण रचना उभी राहिली, आणि तेव्हा यानाचेक ७१ वर्षांचे होते. पहिल्या भागात फक्त पितळी वाद्यं आणि टिंपनी. पूर्ण रचनेला एकट्या ट्रम्पेटवादकांचीच संख्या १२ लागते. पण त्यांचा आवाज गुळगुळीत, चकाकता नाही. त्यात गावच्या बँडचा रांगडेपणा आहे, छोट्या छोट्या तुकड्यांत तीच सुरावट परत परत येते आणि दर वेळी तिचा कोन जरा बदलतो. मधले तीन भाग गावात, रस्त्यांवर फिरवून आणतात. आणि शेवटी ती पहिली ललकारी परत येते तेव्हा तिच्या भोवती सगळा वाद्यवृंद उभा असतो. वेळ लागतो साधारण २५ मिनिटं. अर्धा तास काढता येत असेल तर विल्यम्सच्याही आधी ही ऐकायला बसा, असंच मी म्हणेन.

आपल्याकडचं काय, हा प्रश्न येणारच. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांसाठी पंडित रविशंकर यांनी 'स्वागतम्' केलं, शब्द पंडित नरेंद्र शर्मा यांचे. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांना ते आजही तोंडपाठ आहे. पण त्याची तुलना वरच्या रचनांशी करू नये. ते समूहाने गायचं स्वागतगीत आहे, त्याचा जीव शब्दांत आणि गळ्यांत आहे. शाळेच्या क्रीडामहोत्सवाला संगीत ठरवणारे शिक्षक मला विचारतात तेव्हा मी सांगतो: पाहुणे येताना स्वागतम्सारखं गाणं मुलांकडून गाऊन घ्या, पदकं देताना १९८४ ची धून लावा. संचलनाला मात्र यातलं काहीच नको. 'समन द हीरोज'च्या एकल भागात पाय टाकायला तालच सापडत नाही, आणि 'जॅव्हलिन'वर तर मुलांची रांग दहा पावलांत विस्कटेल. तिथे शाळेचं ढोल-बिगूल पथकच हवं.

ऐकायचं कसं, हेही निवडीइतकंच महत्त्वाचं आहे. फोनच्या स्पीकरवर टिंपनी आणि मोठा ढोल जवळपास नाहीसे होतात, आणि तेच गेले की उरते नुसती ट्रम्पेटची किरकिर. साधे का होईना, हेडफोन घ्या. आवाज सुरुवातीच्या गजराला बेताने ठेवा, पण इतकाही कमी नको की तो एकटा ट्रम्पेट ऐकूच येणार नाही. एकाच ठिकाणी तुलना करायची तर विल्यम्स यांनी बॉस्टन पॉप्सबरोबर केलेला १९९६ चा 'समन द हीरोज' हा अल्बम घ्या. त्यात शीर्षकरचना आहे, 'बगलर्स ड्रीम'चं जोडरूप आहे, 'जॅव्हलिन' आहे आणि रशियन संगीतकार शोस्ताकोविच यांचं १९५४ चं 'फेस्टिव्ह ओव्हर्चर'सुद्धा आहे. वाद्यवृंद तोच, संचालक तोच, त्यामुळे फरक फक्त रचनांचा उरतो. टॉर्की आवडले तर पुढे संचालक योएल लेवी यांनी अटलांटा सिम्फनीबरोबर केलेलं ध्वनिमुद्रण ऐका. ज्यांच्यासाठी रचना लिहिली त्यांचंच ते आहे. आणि मुंबईत किंवा जवळपास राहत असाल तर नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. त्यांच्या हंगामाच्या कार्यक्रमपत्रिकेत यानाचेक किंवा शोस्ताकोविच दिसले तर तिकीट काढाच. १५-२० पितळी वाद्यं एका दमात फुंकली जातात तेव्हा खुर्चीचा हात थरथरतो, आणि ते कुठल्याही हेडफोनवर मिळत नाही.