व्हिडिओत गाडी सुरू, बिलात सगळी कामं, प्रत्यक्षात फक्त ऑईल बदललेलं

सहा वर्षं शेडमध्ये उभी असलेली पेट्रोल गाडी गॅरेजात दिली. इंजिन सुरू झाल्याचा व्हिडिओ दुसऱ्याच दिवशी आला आणि पाठोपाठ बिल: टाकी सफाई, नवा पेट्रोल पंप, टायमिंग बेल्ट, चारही चाकांचं ब्रेकचं काम, इंजिन ऑईल. गाडी थोडी चालली आणि चढावर धक्के खात बंद पडली. दुसऱ्या मेकॅनिकने खोलून पाहिलं, तर ऑईल सोडून बिलातलं एकही काम झालेलं नव्हतं.

उभ्या गाडीचं इंजिन सुरू करणं हे सगळ्यात स्वस्त काम आहे. चांगली बॅटरी लावायची, टाकीकडून येणारी नळी सोडवून डब्यातलं ताजं पेट्रोल वेगळ्या पंपाने द्यायचं आणि सेल्फ मारायचा. इंजिन जाम नसेल तर बहुतेक वेळा सुरू होतं. टाकीतलं जुनं पेट्रोल मात्र तसंच राहतं. काही महिन्यांतच त्याचा चिकट राळेसारखा थर बनू लागतो, इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते ओलही धरतं, पाणी तळाशी बसतं आणि पत्र्याची टाकी आतून गंजते. तो गंज आधी पंपाची जाळी आणि मग फिल्टर बुजवतो. म्हणून व्हिडिओ मागायचाच असेल तर टाकीतून काढलेल्या पंपाचा आणि टाकीच्या तळाचा मागा.

ब्रेकमधली फसवणूक जास्त घातक, कारण ती वरून दिसतच नाही. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ या प्रतीच्या ब्रेक ऑईलचा उत्कलनबिंदू कोरं असताना किमान २३० अंश सेल्सियस असतो, ओल शिरल्यावरची किमान मर्यादा १५५ अंश. उतारावर ब्रेक तापले की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल थेट खाली जातं. त्याच ओलीने कॅलिपरचा, म्हणजे चाकावर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन गंजून अडकतो. गॅरेजवाला करतो काय, तर वरच्या डबीतलं काळपट ऑईल सिरिंजने ओढून घेतो आणि तिथे नवं भरतो. डबी पिवळसर, स्वच्छ दिसते. नळ्यांतलं आणि कॅलिपरमधलं जुनंच असतं.

हे पकडायला चाकामागचा ब्लीड निपल, म्हणजे ब्रेक ऑईल बाहेर काढायचा छोटा स्क्रू, पाहा. त्यावरची रबरी टोपी काढा. पाना लागलेला असेल तर षटकोनाच्या कडांवर गंज निघून धातू चमकताना दिसतो. कडांवर जुनी धूळ आणि गंज जसाच्या तसा असेल, तर त्या चाकाचं ऑईल बदललेलंच नाही. तरी शंका राहिली तर मेकॅनिककडून निपलला पारदर्शक नळी लावून थोडं ऑईल काढून घ्या. काळपट-तपकिरी आलं तर संपूर्ण ब्लीडिंग (नळ्यांतलं जुनं ऑईल काढून नवं भरणं) पुन्हा करून घ्या, तोवर गाडी रस्त्यावर काढू नका.

टायमिंग बेल्टचंही, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणाऱ्या पट्ट्याचंही, तसंच. किलोमीटर कमी असले तरी तो वयाने कडक होतो, भेगाळतो. अनेक इंजिनांत तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. वरच्या कव्हरचे बोल्ट न हललेले दिसले, तर बेल्ट बदललेला नाही.

फसवणुकीचा दुसरा प्रकार याच्या उलटा: ‘इंजिन जाम आहे, बांधावंच लागेल’, म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्त करावं लागेल. लगेच हो म्हणू नका. पुष्कळदा सिलिंडरला हलका गंज धरून रिंगा चिकटलेल्या असतात. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये १० ते १५ मिली पातळ ऑईल सोडायचं, एक-दोन दिवस थांबायचं, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या टोकावरच्या चाकाच्या) बोल्टवर पाना लावायचा आणि इंजिन ज्या दिशेला चालतं त्याच दिशेला हाताने हळू फिरवायचं. पूर्ण दोन फेरे मोकळे झाले नाहीत तर सेल्फ मारू द्यायचा नाही. फिरलं की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून मागा. सगळे आकडे पुरेसे आणि जवळजवळ सारखे असतील, तर इंजिन बांधायचं कारण काय, ते मेकॅनिकने दाखवून द्यायला हवं.

काम देतानाच लेखी ठरवा की काढलेला पंप, फिल्टर, बेल्ट आणि ब्रेक पॅड परत मिळतील. टायर ‘नवे’ म्हणून बसवले असतील तर बाजूवर ‘DOT’ने सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. पॉलिश मारलेला काळाभोर टायर इतका जुना असेल तर तो तिथल्या तिथे उतरवून घ्यायला सांगा.