फ्रॉक, वन-पीस, गुडघ्यापर्यंतचा की फुल बॉडी?

पोहण्याच्या लेडीज बॅचचा फॉर्म भरून झाला की खरा घोळ सुरू होतो: घालायचं काय? संभाजीनगर असो, लातूर असो की नांदेड, दुकानदार काउंटरवर साधारण चार प्रकार टाकतो. झालरीचा फ्रॉक, साधा वन-पीस, गुडघ्यापर्यंतचा कॉश्च्युम आणि फुल बॉडी. वर सांगतो, "मॅडम, फ्रॉकच जास्त जातो." आणि आपण फ्रॉक घेऊन घरी येतो. हे चारही प्रकार वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या अडचणींतून निघाले आहेत. त्यातली तुमची अडचण कोणती, हे ठरवा आणि मगच पैसे काढा.

घरचाच पंजाबी ड्रेस चालेल का, असं विचारणाऱ्याही असतात. चालत नाही. बहुतेक तलावांवर आत सोडत नाहीत आणि ते बरोबरच आहे, कारण सुती कापड पाणी पिऊन जड होतं आणि ओढणी-घेर हातापायात येतो. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बायका लोकरीचे, फ्लॅनेलचे घेरदार झगे घालून समुद्रात उतरायच्या. झगा वर तरंगू नये म्हणून काठात वजनं शिवलेली असत. त्यात पाण्यात उभं राहता येई, पोहणं कठीणच. आपल्याकडे कासोटा मारून, पाठीला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून विहिरीत उतरलेल्या आज्या त्या मानाने कितीतरी सुटसुटीत होत्या. कासोट्यात दोन्ही पाय मोकळे राहतात.

आता फ्रॉक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विणलेल्या लोकरीचे अंगाबरोबरचे पोशाख आले, तेव्हा लाजेखातर चड्डीवर छोटा घेर ठेवला गेला. शंभर वर्षं उलटली, लोकर गेली, घेर मात्र आपल्या दुकानांत टिकून आहे. काठावर उभं असताना तो मांड्या झाकतो हे खरं. पाण्यात उतरल्यावर तोच छत्रीसारखा वर येतो, म्हणजे ज्यासाठी घेतला तेच काम करत नाही. शिवाय पाय मारताना पाणी अडवतो. नातवंडांबरोबर उथळ बाजूला डुंबायचं असेल तर फ्रॉक ठीक आहे. पोहायला शिकायचं असेल तर घेऊ नका.

वन-पीसची गोष्ट जास्त रंजक. ऑस्ट्रेलियाची ॲनेट केलरमन लहानपणी पाय कमजोर म्हणून पोहायला लागली आणि पुढे अंगासरशी बसणाऱ्या पोशाखाचा आग्रह तिने जगभर धरला. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये बायकांचं पोहणं पहिल्यांदा आलं. १०० मीटरचं सुवर्ण फॅनी ड्युरॅकने जिंकलं. आपल्याकडे १९३८ साली 'ब्रह्मचारी' चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या आणि महाराष्ट्रभर चर्चा झाली. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला आरती साहा आणि डॉली नाझीर पोहल्या आणि १९५९ मध्ये आरती साहांनी इंग्लिश खाडी पार केली. तरी आपल्या गल्लीत अजून "तसले कपडे" म्हणतात ते म्हणतातच! वन-पीसचा फायदा म्हणजे हालचाल पूर्ण मोकळी, वाळतो लवकर, किंमतही बहुधा कमी. तोटा असा की पहिले आठ दिवस लक्ष पाण्यापेक्षा आपल्याच मांड्यांकडे जातं. ज्यांचं जात नाही त्यांनी बिनधास्त हाच घ्यावा.

बिकिनी जुलै १९४६ मध्ये पॅरिसला लुई रेआरने आणली, बिकिनी बेटांवरच्या अणुचाचणीनंतर चारच दिवसांनी. आपल्या पालिकेच्या तलावावर तिचा प्रश्न येत नाही, तेव्हा पुढे.

गुडघ्यापर्यंतचा कॉश्च्युम बघून सासूबाई म्हणतात, "हा बरा, अंगभर आहे." पण हा आकार मर्यादेतून आलेला नाही, वेगातून आलाय. २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून अंग झाकणारे शर्यतीचे सूट गाजू लागले. २००९ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले, तेव्हा विक्रम माणसाचा की सूटचा, असा वाद पेटला. १ जानेवारी २०१० पासून नियम आला: कापड विणलेलंच हवं आणि बायकांचा सूट खांद्यापासून फार तर गुडघ्यापर्यंत. म्हणजे सासूबाईंची पसंती आणि ऑलिंपिकच्या पोहणाऱ्यांची कमाल मर्यादा एकाच रेषेवर येते. नवशिक्या बाईला मी हाच सुचवेन. मांड्या झाकतो, पाण्यात फुगत नाही, आणि पुढे स्पर्धेत उतरावंसं वाटलं तरी लाज वाटायचं कारण नाही.

फुल बॉडीचा एक प्रसिद्ध प्रकार म्हणजे बुर्किनी, २००४च्या सुमारास सिडनीच्या अहेदा झानेट्टी यांनी मुस्लिम मुलींना खेळता-पोहता यावं म्हणून तयार केलेली. २०१६ मध्ये फ्रान्सच्या काही किनारी गावांनी तिच्यावर बंदी घातली आणि तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने अशी एक बंदी स्थगित केली. आपल्याकडे फुल बॉडी सगळ्याच धर्मांच्या बायका घेतात, आणि कारण बहुतेक वेळा ऊन असतं. मे महिन्यात संध्याकाळी पाचलाही उघड्या तलावावर कातडी भाजते. संध्याकाळची बॅच असेल, ऊन सोसत नसेल, किंवा धर्म-संकोचामुळे एरवी पाण्यात उतरणारच नसाल, तर हा नक्की घ्या. फक्त ढगळ घेऊ नका, आत पाणी भरतं. दोन भागांचा असेल तर टॉप वर सरकू नये म्हणून आतून अडकवायची नाडी आहे का बघा. ओला काढताना घाम फुटतो, तेवढं मात्र सोसावं लागेल.

आकारापेक्षा कापडाचं लेबल वाचायला जास्त वेळ द्या. ताणणारा धागा, स्पॅन्डेक्स, १९५८ मध्ये ड्युपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्सने शोधला. कॉश्च्युम अंगासरशी बसतो तो त्यामुळेच, आणि क्लोरीन खातं तेही त्यालाच. नायलॉन-स्पॅन्डेक्स मऊ लागतं पण रोजच्या क्लोरीनमध्ये लवकर सैल पडतं. पॉलिएस्टर-पीबीटी (पीबीटी हाही पॉलिएस्टरचाच एक प्रकार) जरा कडक, पण जास्त टिकतं. रोज जाणार असाल तर दुसरं घ्या. कोरडं असताना घट्ट वाटेल असंच माप घ्या, ओलं झालं की सुटतं. तलावात उतरण्याआधी शॉवरखाली भिजवा, नंतर साध्या पाण्याने खळबळा, पिळू नका, आणि आपल्या गच्चीवरच्या उन्हात तर अजिबात टाकू नका.

आणि खरेदी उरकण्याआधी एक फोन करा. पाणीटंचाईच्या वर्षी आपल्याकडे तलाव बंद ठेवतात. २०१६ मध्ये लातूरला पिण्याचं पाणी मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं होतं. इलास्टिक कपाटातही म्हातारं होतं, तेव्हा यंदा तलाव भरणार याची खात्री करूनच पैसे द्या.