पॉइंट पोर्टलवर उडवावेत की माइल्समध्ये वळवावेत?

क्रेडिट कार्डावर साठ-सत्तर हजार पॉइंट साठले की परदेशवारीचा विचार डोक्यात घोळू लागतो आणि गाडी एका प्रश्नावर अडते. बँकेच्या प्रवास पोर्टलवर जाऊन थेट तिकीट काढावं, की पॉइंट एखाद्या विमान कंपनीच्या माइल्समध्ये, म्हणजे तिच्या स्वतःच्या पॉइंटमध्ये, वळवून त्यांवर मिळणारं अवॉर्ड तिकीट घ्यावं? दोन्ही वाटा मी वापरल्या आहेत. कॅशबॅक, व्हाउचर वगैरे पर्याय इथे धरलेले नाहीत. प्रवास स्वस्तात पाडायचा असेल तर खरी निवड या दोघांतच आहे.

आधी हिशोब उरकू. रोख भाड्यातून अवॉर्ड तिकिटावर भरावे लागणारे कर वजा करायचे आणि उरलेल्या रकमेला लागणाऱ्या माइल्सनी भागायचं. समजा तिकीट ९०० डॉलरचं आहे आणि तेच अवॉर्डवर ४०,००० माइल्स अधिक ८० डॉलर करात मिळतंय. ८२० भागिले ४०,००० म्हणजे माइलमागे २.०५ सेंट. पोर्टलवर पॉइंटची किंमत १ सेंट धरत असतील तर तिथे याच तिकिटाला ९०,००० पॉइंट जातात. इथवर माइल्स बरेच पुढे. पण कार्डाचा ट्रान्सफर दर २ पॉइंटला १ माइल असेल, तर त्या ४०,००० माइल्ससाठी ८०,००० पॉइंट मोडावे लागतात आणि पॉइंटमागे जेमतेम १.०२ सेंट हाती लागतात. फायदा जवळपास संपला. शिवाय सेल लागून तेच तिकीट ५२० डॉलरला आलं, तर १ला १ दरानेही माइलला १.१ सेंटच पडतात. अशा दिवशी पोर्टल बरं, कारण त्या तिकिटावर वर माइल्सही मिळतात.

भागाकार करताना एक पथ्य मात्र पाळावं. भाडं तेच धरायचं, जे खिशातून भरायची आपली तयारी आहे. बिझनेस क्लासचं ४,००० डॉलरचं भाडं धरून माइलला सहा सेंट मिळाल्याचं समाधान करून घेता येतं, पण ते भाडं आपण कधी भरलंच नसतं. बेत स्वस्त सहलीचा असेल तर तुलना इकॉनॉमीच्या भाड्याशीच करावी.

पोर्टलचं बळ त्याच्या सरळपणात आहे. विमान कंपनीच्या लेखी ते पैसे मोजून घेतलेलं साधं तिकीट असतं. त्यामुळे विक्रीला असलेली कुठलीही सीट, कुठल्याही तारखेची घेता येते, माइल्स जमा होतात, स्टेटससाठी, म्हणजे नेहमीच्या प्रवाशाला मिळणाऱ्या वरच्या दर्जासाठीही ते तिकीट धरलं जातं. चौघांचं कुटुंब ठरलेल्या सुट्टीत निघणार असेल तर अवॉर्डच्या चार सीट एकाच विमानात मिळवणं फार अवघड असतं, तिथे पोर्टलला तोड नाही. बजेट विमान कंपन्यांची तिकिटंही बहुतेक वेळा इथेच पॉइंटवर मिळतात. फक्त यादीत सगळ्यात वर दिसणारं भाडं पुष्कळदा बिनसामानाचं आणि बदल न करता येणारं असतं, तेव्हा पैसे भरायच्या आधी भाड्याचा प्रकार उघडून वाचावा. हॉटेलचं म्हणाल, तर पोर्टलवरून घेतलेल्या मुक्कामावर हॉटेल साखळीचे पॉइंट सहसा मिळत नाहीत, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

पोर्टलवरून माझं मन उडालं ते दरामुळे नव्हे. तिकीट काढून झाल्यावर जे होतं, त्यामुळे.

पोर्टलवर तिकीट काढलं की तीन नंबर येतात: पोर्टलचा स्वतःचा बुकिंग नंबर, विमान कंपनीचा सहा अक्षरी पीएनआर (तिच्याकडचा बुकिंग नंबर) आणि १३ अंकी तिकीट नंबर. यातला शेवटचा सर्वांत महत्त्वाचा. त्याचे पहिले तीन अंक तिकीट कोणी दिलं ते सांगतात. एअर कॅनडाचे ०१४, ब्रिटिश एअरवेजचे १२५, सिंगापूर एअरलाइन्सचे ६१८. नंबर विमान कंपनीचा असला तरी तिकिटाचा ताबा पोर्टलकडे असतो, कारण कंपनीच्या दृष्टीने पोर्टल म्हणजे ट्रॅव्हल एजंट. सगळं वेळेवर चाललं तर याचा काही त्रास नाही. पण आंतरराष्ट्रीय तिकीट सहा-आठ महिने आधी काढलं की मधल्या काळात वेळापत्रक थोडंफार बदलतंच. पहिलं विमान पाऊण तास पुढे गेलं, दुसरं वीस मिनिटं अलीकडे आलं आणि १ तास ४० मिनिटांचं कनेक्शन ३५ मिनिटांवर आलं.

अशा वेळी पर्यायी विमान फुकट द्यायचा नियम बहुतेक कंपन्यांकडे असतो. तो मागायला विमान कंपनीला फोन केला की उत्तर येतं, एजंटशी बोला. पोर्टलला फोन केला की तिथला माणूस आपल्याला होल्डवर ठेवून विमान कंपनीलाच फोन लावतो आणि पंचवीस मिनिटांनी सांगतो की सिस्टिममध्ये पर्याय दिसत नाहीये. चूक कोणाचीच नसते आणि काम काही होत नाही. यावर उपाय एकच. फोन करायच्या आधी विमान कंपनीच्या साइटवर पाहून हवं ते विमान, त्याचा नंबर आणि तारीख लिहून ठेवायची आणि पोर्टलच्या माणसाला नेमकं तेच मागायला सांगायचं. 'काहीतरी बघा' म्हटलं की काहीच बघितलं जात नाही.

याहून चोरटी अडचण पुढे आहे. विमान बदलून मिळालं, पीएनआरमध्ये नवी वेळ दिसू लागली, आपण निश्चिंत झालो, पण १३ अंकी तिकीट अजून जुन्याच विमानाला जोडलेलं आहे. ऑनलाइन चेक-इन अडतं. काउंटरवर गेलं की कर्मचारी स्क्रीनकडे बघत सांगतो, बुकिंग आहे पण तिकीट जुळत नाही. म्हणून प्रत्येक बदलानंतर एक प्रश्न न चुकता विचारावा: तिकीट रीइश्यू झालं का, म्हणजे नव्याने काढलं का, आणि नवा तिकीट नंबर काय? नंबर बदलला असेल तर काम झालं. कधी तिकीट नुसतं रिव्हॅलिडेट करतात, म्हणजे जुनंच तिकीट नव्या विमानाला जोडतात, तेव्हा नंबर तोच राहतो. मग विमान कंपनीलाच फोन करून विचारून घ्यावं, की तिकिटाचे कूपन, म्हणजे त्यातले प्रत्येक विमानासाठीचे भाग, नव्या विमानाला लागले आहेत ना. हा प्रश्न एजंटकडे ढकलता येत नाही, त्यामुळे उत्तर मिळतं.

माइल्सच्या तिकिटात ही त्रिस्थळी यात्रा टळते, निदान त्याच कंपनीच्या विमानाचं तिकीट असेल तेव्हा. ज्यांनी तिकीट दिलं त्यांचंच विमान, त्यांचाच फोन. रद्द करायचं झालं तरी विमान कंपन्यांचे बहुतेक माइल्स कार्यक्रम थोडं शुल्क कापून माइल्स खात्यात परत टाकतात. रोख स्वस्त तिकिटात असली सवलत क्वचितच असते. भागीदार कंपनीच्या विमानाचं अवॉर्ड असेल तर मात्र इथेही दोन दारं होतात. एअर कॅनडाच्या एरोप्लॅन पॉइंटवर लुफ्थान्साचं विमान घेतलं, तर तिकीट ०१४ने सुरू होणारं असतं आणि बदलासाठी एअर कॅनडाशीच बोलावं लागतं. रीइश्यूची भानगडही तिथे होऊ शकते. तरी समोर विमान कंपनी असते, तिचा माणूस स्टार अलायन्सच्या, म्हणजे या दोन्ही कंपन्या ज्या गटात आहेत त्याच्या, इतर विमानांत सीट शोधू शकतो, आणि माझ्या अनुभवात असं काम एक-दोन फोनमध्ये मिटतं. प्रत्येकाला तसंच येईल असं नाही.

आता माइल्सची दुसरी बाजू. बँकेचे पॉइंट एकदा विमान कंपनीकडे गेले की परत येत नाहीत. अवॉर्ड रद्द केलं तर माइल्स परत मिळतात, पण ते माइल्सच राहतात. त्यामुळे ट्रान्सफरवर बोनस आहे म्हणून आधीच पॉइंट वळवून ठेवणं टाळावं. विमान कंपनी दर वाढवते तेव्हा साठवलेले माइल्स एका रात्रीत हलके होतात. शिवाय मुदतही असते. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर कार्यक्रमाचे माइल्स तीन वर्षांनी संपतात, खातं वापरात असलं तरी. आधी वळवणं भागच असेल तर एव्हिओस नावाचे सामाईक पॉइंट त्यातल्या त्यात सोयीचे, कारण तेच एव्हिओस ब्रिटिश एअरवेज, आयबेरिया, कतार एअरवेज, फिनएअर आणि एअर लिंगस अशा अनेक ठिकाणी चालतात.

काम या क्रमाने करावं. विमान कंपनीचं खातं आधी उघडून ठेवावं आणि नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहावं. कार्डावरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळलं नाही तर ट्रान्सफर अडकतो. सीट शोधायला सीट्स डॉट एअरोसारखी साधनं चांगली आहेत, पण ती साठवलेली माहिती दाखवतात. खरी परीक्षा कार्यक्रमाच्या स्वतःच्या साइटवर, लॉगिन करून. तिथे पैसे भरायच्या पानापर्यंत जायचं आणि कराचा आकडा टिपायचा. भागीदाराची सीट असेल तर त्याच अलायन्सच्या दुसऱ्या कार्यक्रमातही ती दिसते का ते पाहावं. एरोप्लॅनवर दिसते पण युनायटेड एअरलाइन्सच्या साइटवर दिसत नाही, अशी सीट भुताटकीची असण्याची शक्यता असते: यादीत दिसते आणि बुक करताना एरर येतो. शंका असली तर आधी फोन करून विचारावं, मग पॉइंट हलवावेत.

पहिल्यांदाच वळवत असाल तर आधी चालेल तेवढा लहानात लहान आकडा, बहुतेक १,०००, पाठवून पाहावा. किती वेळ लागतो ते कळतं आणि खाती जोडली गेल्याची खात्री होते. काही ट्रान्सफर मिनिटात होतात, काहींना दोन-तीन दिवस लागतात, आणि त्या दोन दिवसांतच सीट निसटते. बुक झाल्यावर ईमेलमध्ये १३ अंकी नंबर आला का ते पाहावं. नुसता पीएनआर आणि 'कन्फर्म्ड' एवढंच आलं असेल तर तिकीट अजून बनलेलं नाही, आणि ते तसंच पडून राहिलं तर बुकिंग आपोआप रद्द होतं. शेवटी, विमान ज्या कंपनीचं आहे तिचा वेगळा पीएनआर मागून घ्यावा, सीट निवडायला तोच लागतो.

करांचा आकडा टिपायला सांगितलं त्याला कारण आहे. त्यात विमानतळाचे कर असतात, तसाच विमान कंपनीचा स्वतःचा सरचार्जही असतो. भाड्याच्या फोडीत तो वायक्यू किंवा वायआर या खुणेने दिसतो. लुफ्थान्साच्या एकाच सीटवर तिचा स्वतःचा कार्यक्रम माइल्स अँड मोअर हा सरचार्ज लावतो, तर युनायटेड, एरोप्लॅन आणि एव्हिआंका कंपनीचा लाइफमाइल्स लावत नाहीत. सिंगापूर एअरलाइन्सने आपल्या विमानांच्या अवॉर्डवरचा इंधन सरचार्ज २०१७मध्ये काढून टाकला. लंडनहून सुटणाऱ्या लांब पल्ल्याच्या विमानावर ब्रिटनचा प्रवासी कर जबर बसतो, येताना तो लागत नाही. म्हणून लंडनला जाणं माइल्सवर आणि परतीचं ब्रिटनबाहेरच्या शहरातून, अशी आखणी पुष्कळदा स्वस्त पडते.

सीट कधी शोधावी? ब्रिटिश एअरवेज आणि सिंगापूर एअरलाइन्स ३५५ दिवस आधी तारखा खुल्या करतात, तेव्हा एकदा. आणि निघायच्या शेवटच्या दोन आठवड्यांत, न विकलेल्या सीट अवॉर्डसाठी सोडतात तेव्हा पुन्हा. मधल्या काळात नशिबाचा भाग जास्त. एरोप्लॅनवर आणखी ५,००० पॉइंट दिले की एकेरी प्रवासात ४५ दिवसांपर्यंतचा एक स्टॉपओव्हर, म्हणजे वाटेतला मुक्काम, मिळतो, कॅनडा आणि अमेरिका सोडून. एका तिकिटात दोन देश बसवायचे असतील तर यापेक्षा स्वस्त मार्ग माझ्या पाहण्यात नाही.

एकटे किंवा दोघं असाल, तारखा चार-पाच दिवस मागेपुढे चालत असतील आणि कार्डाचा ट्रान्सफर दर १ला १च्या आसपास असेल, तर मी माइल्सकडे झुकेन, आणि शक्यतो ज्या कंपनीचे माइल्स तिच्याच विमानाकडे. तारखा पक्क्या, माणसं चार आणि दर २ला १ असेल तर पोर्टल घ्या, त्यात कमीपणा काही नाही. फक्त तिथे थेट विमान मिळत असेल तर थोडे जास्त पॉइंट गेले तरी तेच घ्यावं, कारण तुटायला कनेक्शनच उरत नाही. थेट नसेल तर दोन्ही विमानं एकाच कंपनीची घ्यावीत आणि मध्ये अडीच तास तरी ठेवावेत, म्हणजे वेळापत्रक थोडं सरकलं तरी फोन करावा लागणार नाही.