द्राक्षाच्या चोथ्यातला रंग: मेम्ब्रेन की रेझिन?

दिंडोरीकडच्या एका वायनरीतला मित्र अडलाय: रेड वाइननंतर उरलेल्या चोथ्यातून पॉलिफेनॉल (लाल रंग ज्यांत मोडतो ती वनस्पतीतली संयुगं) काढायचे, तर मेम्ब्रेन (बारीक छिद्रांचा पडदा) घ्यावं की रेझिनचा कॉलम (रेझिनचे मणी भरलेली नळी)?

चोथ्याचा अर्क काढून गाळणं दोन्हीकडे आहेच. पुढे मेम्ब्रेन चाळणीसारखं चालतं. अल्ट्राफिल्ट्रेशनमध्ये, म्हणजे जरा मोठ्या छिद्रांच्या मेम्ब्रेनमध्ये, पेक्टिन (फळातला चिकट घटक), प्रथिनं अडतात; त्याहून बारीक छिद्रांच्या नॅनोफिल्ट्रेशनमध्ये सुमारे ४९३ डाल्टनचं (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) माल्विडिन ग्लुकोसाइड, म्हणजे द्राक्षाचा मुख्य लाल रंग, मागे राहतो आणि पाणी निघून जातं. तापवावं लागत नाही, म्हणून रंग टिकतो. माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. पण १८० डाल्टनची साखर पुरती जात नाही. छिद्रं तुंबतात, पेक्टिन असेल तर फारच लवकर, आणि हंगामात धुण्याचं काम सुटत नाही.

रेझिन पॉलिफेनॉल धरून ठेवतं. साखर, आम्लं पाण्याबरोबर वाहून जातात. शुद्धतेत ते सरस. मात्र माल सोडवायला इथेनॉल लागतं, ते उडवून परत गोळा करायचं, शिवाय आगीची काळजी.

सरबताला किंवा खाद्यरंगाला घट्ट अर्क हवा असेल तर मेम्ब्रेन. कॅप्सूलसाठी शुद्ध पावडर विकायची असेल तर रेझिन, पण त्याआधी अल्ट्राफिल्ट्रेशन ठेवावं, म्हणजे कॉलम लवकर खराब होत नाही.