बंद मॉडेलचं मेटल डिटेक्टर घेताय? माझे १,१८,५०० कसे गेले ते आधी वाचा

५,००० टोकन, ४०,००० यूपीआयने, ७३,५०० रोख. एकूण १,१८,५०० रुपये. तीन आठवडे घरात कुणापाशी बोललो नाही. आता लिहितोय, कारण मला नकली यंत्र विकणारा तो माणूस आज दुसऱ्या कुठल्या तरी लॉजवर तसंच यंत्र मांडून बसला असणार.

मी सोलापुरात प्लंबिंगची कामं घेतो. डांबराखाली गाडले गेलेले व्हॉल्व्ह शोधता शोधता लोकांचे हरवलेले दागिने शोधून द्यायला लागलो. मंगळवेढ्याकडे ज्वारीच्या काढणीत कुणाचे डोरल्याचे मणी पडतात, कुणाची अंगठी. आपल्या काळ्या रानात साधं डिटेक्टर टिकत नाही. बेसाल्टची माती, तिच्यात लोहाचा अंश, पावलोपावली किरकिर. पल्स इंडक्शनचं यंत्र झटका सोडून थांबतं आणि मग ऐकतं, त्यामुळे मातीचा गोंधळ बराच बाजूला पडतो. माइनलॅब कंपनीची जीपीएक्स मालिका त्यासाठीच नावाजलेली. नवं परवडणारं नव्हतं, म्हणून जुनं जीपीएक्स ४५०० शोधत होतो.

जुनं म्हणजे स्वस्त, हा हिशेब या यंत्रांना लागू नाही. २०१० मध्ये जीपीएक्स ५००० हे पुढचं मॉडेल आलं, नंतर ४५०० बंद झालं, तरी चालू स्थितीतल्या यंत्राला गिऱ्हाईक आहेच. माइनलॅबच्याच १९९५ च्या एसडी २००० पासून जीपीएक्सपर्यंत कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची चकती, एकमेकांना चालतात, त्यामुळे मॉडेल बंद झालं तरी कॉइलसाठी अडत नाही. अमेरिकेतली टेसोरो ही डिटेक्टर कंपनी २०१८ मध्ये बंद पडली, व्हाइट्स २०२० मध्ये. त्यांची यंत्रंही लोक जपून ठेवतात, कारण तशी आता कुणी बनवत नाही आणि ज्याच्याकडे चांगलं आहे तो सोडत नाही. हे मला सगळं ठाऊक होतं. म्हणून विकणाऱ्याने १,१८,५०० सांगितल्यावर मला ती किंमत रास्त वाटली. ४०,००० म्हणाला असता तर मी लगेच सावध झालो असतो. भाव टिकतो तिथेच नकली माल येतो. माइनलॅबने स्वतः बनावट यंत्रांबद्दल इशारे दिलेले आहेत, आणि तेही मी वाचले होते.

रेल्वे स्टेशनजवळच्या लॉजवर भेटलो. त्याने कॉइल उचलून धरली आणि समोरून अंगठी फिरवली. स्वच्छ आवाज आला. मी म्हणालो, "जमिनीवर बघू." तर म्हणे, "साहेब, खाली स्लॅबमधलं लोखंड आहे, नुसतं ओरडेल." ते खरंच होतं. मग म्हणालो, बाहेर मातीत बघू. "बाहेर माणसं गोळा होतील, गुप्तधनाचं काहीतरी उठवतील." तेही खरं, मी स्वतः ते भोगलंय. त्याचं प्रत्येक उत्तर खरं होतं, म्हणून मी गप्प बसलो. हवेतली चाचणी कुठलंही खेळणं पास होतं. मातीत अर्धा फूट पुरलेली वस्तू दाखवल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

आता जे लिहायचंय त्याने रात्री झोप लागत नाही. यंत्राच्या पेटीवरचा सिरियल नंबर मी वहीत उतरवून घेतला. दिवाळीत दुसऱ्याच एका जाहिरातीतल्या ४५०० चा फोटो मी फोनमध्ये ठेवला होता, त्यावर नंबर वाचता येत होता. फोन खिशात होता. ताडून बघायला दोन मिनिटं लागली असती. पण त्याला म्हणे रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस गाठायची होती, आणि मी मनाशी म्हणालो, घरी जाऊन बघू. पैसे मोजून दिले. घरी गेल्यावर बघितलंच नाही, नव्या यंत्राच्या आनंदात होतो. बघितलं ते नऊ दिवसांनी. दोन वेगळ्या यंत्रांवर शेवटच्या अंकापर्यंत तोच नंबर.

नऊ दिवसांनी शंका आली ती मंगळवेढ्याच्या एका रानात. एका मावशींचा मणी शोधत होतो आणि यंत्र मुरमाच्या प्रत्येक खड्यावर ओरडत होतं. स्वतःची अंगठी चार बोटं पुरली, तीही सापडेना. मावशी म्हणाल्या, "राहू दे की ओ, नशिबात नसंल." मान वर करवेना. ओळखीच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने पेटी उघडली तर आतल्या आयसींवरचे, म्हणजे चिपांवरचे, आकडे घासून काढलेले.

मी अडाणी नाही. सतरा वर्षं धंदा करतोय, उधारीत कुणाला फसलेलो नाही.

पोलिस ठाण्यात पहिला प्रश्न काय, तर "हे यंत्र तुम्हाला कशाला लागतं?" मी फिर्याद द्यायला गेलो होतो आणि पाऊण तास मीच उत्तरं देत होतो. १८७८ च्या निखात निधी कायद्याने पुरलेलं दहा रुपयांवरचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, ते मला पाठ आहे. मी मालकाच्या सांगण्यावरून त्याचीच हरवलेली वस्तू शोधतो, आधी चिठ्ठीवर सही घेतो. चिठ्ठ्या दाखवल्या, कुणी हातात घेतल्या नाहीत. सायबरवाले म्हणाले, रोखीचं आमच्याकडे येत नाही, ठाण्यात जा. ठाण्यातले म्हणाले, यूपीआय आहे म्हणजे सायबर. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला तर पैसे कधीच पुढे गेलेले. हा फोन पहिल्या तासात करायचा असतो. बँकेत उत्तर मिळालं, "पिन तुम्हीच टाकला ना?" हो, मीच टाकला. म्हणून चोर चोर राहत नाही का? चौथ्या फेरीला "अर्ज ठेवून जा" म्हणाले, पोच देईनात. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे, हे मी, एका प्लंबरने, त्यांना सांगायचं? शेवटी अर्ज पोस्टाने पोलिस आयुक्तालयात पाठवला. पोचपावती जपून ठेवली आहे. तुम्हीही पोच घेतल्याशिवाय उठू नका.

रोख तर देऊच नका. विकणाऱ्याचं आधारकार्ड फोनवर बघून भागत नाही, मूळ खरेदीची पावती मागा. गाडी सुटतेय म्हणाला तर सुटू द्या.

परवा एकाचा फोन आला. माझ्याकडे ४५०० आहे हे त्याला कुठून तरी कळलं होतं, ७०,००० द्यायला तयार. मी सांगितलं, नकली आहे. तो म्हणाला, "असू द्या हो, मी पुढे काढतो. ह्या मॉडेलचा भाव पडत नाही." फोन ठेवला आणि ऑइलपेंटचा डबा काढून पेटीवर, बॅटरीवर, कॉइलवर तीन ठिकाणी 'बनावट' लिहिलं.