चर्चा रविवारी, पण पुस्तक कोणाकडे?

बडोद्याच्या दांडिया बाजार भागातल्या एका जुन्या मराठी वाचनालयाने दिवाळीपर्यंतचे कार्यक्रम फळ्यावर लावले आहेत. तिसऱ्या रविवारी सकाळी दहाला पुस्तकचर्चा, दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी मुलांसाठी गोष्टवाचन आणि अधूनमधून मराठी-गुजराती कवितांची बैठक. प्रवेश सगळ्यांना, फुकट. पुस्तक घरी न्यायला मात्र सभासद व्हावं लागतं, आणि घोळ तिथेच आहे.

चर्चेचं पुस्तक महिनाभर आधी जाहीर होतं. प्रती तीन, देवघेवीची मुदत पंधरा दिवस. म्हणजे एक प्रत जेमतेम दोघांच्या हातात पडते. तिन्ही मिळून वाचणारे सहा. खुर्च्या मात्र पंचवीस! उरलेले बरेचजण मलपृष्ठ चाळून येतात आणि अर्ध्या तासात गाडी पुस्तकावरून लेखकाच्या स्वभावावर घसरते. उपायाला पैसे लागत नाहीत. चर्चेच्या पुस्तकापुरती मुदत सात दिवसांची करायची, मुदतवाढ बंद ठेवायची. त्याच तीन प्रतींत बाराजण वाचून होतात. जाड कादंबरीऐवजी एखादी दीर्घकथा घेतली तर बाकीच्यांना तिथेच बसून ती संपवता येईल. पुस्तक वाचकापर्यंत पोचवायचं हे बडोद्याला नवं नाही. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभारलं, तेव्हा संस्थानातल्या गावोगावी पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जात. इथे तर पेटीही नको, मुदतीचा शिक्का बदलला की झालं.

संचालन चांगलं आहे. सुरुवातीला एक उतारा मोठ्याने वाचतात, मग प्रश्न एकच ठेवतात: हे पात्र इथे असं का वागलं? फक्त पानाचा क्रमांक सांगून उपयोग होत नाही. आवृत्ती बदलली की पानं बदलतात, आणि पाच मिनिटं ‘माझ्याकडे त्र्याण्णववर आहे’ यातच जातात. प्रकरण आणि परिच्छेद सांगावा. खुर्च्या शाळेसारख्या रांगेत आहेत. त्या गोल मांडल्या तर माइक लागणार नाही. आताचा माइक पंख्याखाली घरघरतो, मागच्यांना निम्मंच ऐकू येतं.

गोष्टवाचनात पाच ते बारा वर्षांची मुलं एकत्र बसवतात. धाकट्यांना हावभाव हवेत, थोरल्यांना पुढे काय झालं ते. दोन गट केलेच पाहिजेत. शिवाय गुजराती शाळेतली मुलं घरी मराठी बोलतात, पण देवनागरी वाचताना अडखळतात: शिरोरेघ नवी, ख, ज, भ यांची वळणं वेगळी. त्यांच्या हाती मोठ्या टाइपातलं पुस्तक द्या आणि एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त वाचायला लावू नका.

कवितांची बैठक ऐकण्यासारखी. तिथे मूळ कविता आधी आणि अनुवाद मागून, हा क्रम पाळतात.

वेळापत्रकात एक खोट आहे. नवरात्रातल्या रविवारीही सकाळी दहाच लिहिलंय. रात्री उशिरापर्यंत गरबा खेळून आलेलं बडोदं दहाला खुर्चीत बसेल, असं फळ्यावर लिहिणाऱ्याला खरंच वाटतं का? ती चर्चा दुपारी चारला घ्यावी, नाहीतर सरळ कोजागिरीनंतर.